गुरुवारी गिरणी बंद असते

हडपसरला, गाडीतळामागं, गुरुवारी वीज जाते,
खालची गिरणी मुकी होते,
म्हणून आमचं वाचन गुरुवारी.
सहा माणसं, पाच खुर्च्या,
पिठाच्या डब्यावर बसायची पाळी ठरलेली.

आज सातवा आला. इरफान तांबोळी.
मीटरचं रीडिंग घेत फिरतो, पार फुरसुंगीपर्यंत.
बिलांच्या पाठीवर लिहिलेलं छातीशी धरून
दाराशीच उभा,
चप्पल काढावी की नाही, या विचारात.

वाचू लागला तर आवाज कॉलरच्या आत.
कुणाच्या जिन्याखाली किती युनिट अंधार,
आणि एक कुत्रं,
दर महिन्याला त्याच्यावर नव्यानं भुंकणारं.

संपलं. कुणी काही बोलेना.
निफाडकर सर म्हणाले, "वाईट नाही."
त्याचा चेहरा उतरला.
अरे बाबा, नारायण पेठेतलं "वाईट नाही"
म्हणजे शाल-श्रीफळ,
हे तुला कोण सांगणार?

मलाही नऊ वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नव्हतं.
जिना उतरत होते, परत न येण्यासाठी,
तेव्हा वरून सुमतीबाई ओरडल्या,
"ती शिवणयंत्राची ओळ पुन्हा वाच की!"
कौतुक नव्हतं ते.
ओळ त्यांच्या लक्षात राहिली होती, एवढंच.
आता त्यांची खुर्ची माझ्याकडे आहे. एक पाय लंगडा.

मी म्हटलं, "ते कुत्र्याचं पुन्हा वाचा."
त्यानं कागद उलटला तर बिलाची बाजू आली,
कुणाचे तरी चारशे बारा रुपये थकलेले.
हसला. पुन्हा उलटला.

तेवढ्यात वीज आली, खाली गिरणी सुरू झाली.
तो थांबला नाही.
आम्ही खुर्च्या पुढं ओढल्या,
डबासुद्धा.