चार नग

उद्यमबागेत आमचा धंदा काळं करायचा.
नट, बोल्ट, पंपाचे दट्टे, कुणाच्या तरी जीपचे बिजागर,
कॉस्टिकच्या उकळत्या टाकीत वीस मिनिटं,
मग पाणी, मग तेल,
की सगळं एकसारखं काळंभोर,
कालच जन्मलेलं.

माजी सैनिक संघाचे सेक्रेटरी चार मॅगझिनं ठेवून गेले,
थ्री-नॉट-थ्रीची, रिकामी, एकाचा कान वाकलेला.
सोबत चिठ्ठी :
‘काचेत लावायची आहेत. एकदम नव्यासारखी. पंधरा ऑगस्टच्या आत.’

तारेला अडकवून मी ती टाकीवर धरलीच होती
तेवढ्यात हिंडलग्याहून सायकल मारत
यल्लाप्पा मुतगेकर दारात.
आर्मरर हवालदार, रिटायर.
धाप लागलेली, छत्री उघडीच.
‘थांब की रे! बुडवलास काय?’

नाही बुडवली.
मग माझ्याच स्टुलावर बसून
त्यांनी बंडीच्या खिशातून फडकं काढलं,
इतकं धुतलेलं की त्याला रंगच नव्हता,
आणि पहिलं मॅगझिन उजेडाकडे तिरकं धरलं.

‘हे निळं दिसतंय? मोरासारखं नाही, कावळ्याच्या मानेसारखं.
ते कारखान्यातलं. तेवढंच उरलंय, कडेला.
आणि इथं कोपऱ्यावर पांढरं पडलंय
ते गंजानं नाही. बोटांनी.
रायफल हातात लोंबकळत चालताना
बोटं इथंच येतात. बघ, लाव तुझी.’

लावली.
बसली.
मी हात लगेच काढून घेतला.

‘तपकिरी आहे तो गंज झोपलाय, त्याला उठवू नको.
लाल आहे तो जागा.
त्याच्यावर तेलाचा थेंब ठेव, रात्रभर.
सकाळी पितळी काडीनं, हळू,
बाळाच्या कानातला मळ काढल्यासारखं.
घासायचं नाही.’

बुडाशी नंबर होता, छिन्नीनं खोडलेला.
शेजारी दुसरा, जरा वाकडा ठोकलेला.
‘पहिला गेला. दुसऱ्याला दिली.
तुझी टाकी दोघांनाही पुसणार.’

यावर मला आमच्या फाट्यावरची पाटी आठवली.
कधी ह्यांनी काळं फासलं, कधी त्यांनी,
वर पिवळा रंग, परत डांबर.
पत्रा आता अक्षरांपेक्षा जाड झालाय
आणि बसचा कंडक्टर गाव तोंडी सांगतो.
हे मी बोललो नाही.
ते फळीवरचं माझं ग्रीस हुंगत होते.
‘ह्यात आम्ल आहे. हे नको.’

जाताना मॅगझिनं पिशवीत घातली,
प्रत्येक वेगळ्या फडक्यात,
म्हणजे एकमेकाला घासायची नाहीत.
माझा अंगठा उमटला होता एकावर,
तो मात्र पुसला, दोनदा.

‘सेक्रेटरी बिल मागतील, काका. काय लिहू?’
‘काय केलंस ते लिही.’

पावतीबुकात कार्बनखाली अजून आहे :
मॅगझिन, चार नग.
काळं केलं नाही.
रकमेच्या रकान्यात मी पेन टेकवलं होतं,
तिथं एक निळा ठिपका.