अंथरूण

जानेवारीत डुलुथला टपालपेटी उघडायची
तर आधी झाकणावरचा बर्फ कोपराने फोडावा लागतो.
व्हर्ना हाताजाने तो फोडला.
आत चर्चचं पत्रक, टायरच्या दुकानाची कुपनं,
आणि बँकेचं पाकीट, इतकं पातळ
की वाटलं, नव्या वर्षाच्या शुभेच्छा असतील.

कार्डावरची बारा हजारांची मर्यादा एकोणीसशेवर.
आजपासून. कळावे.
आपल्याकडून काही चूक झाली असं नाही,
असंही एक वाक्य होतं तळाशी.
ते तिने बूट न काढता, दारातच, दोनदा वाचलं.
चूक झाली असती तर सुधारता तरी आली असती.

बावीस वर्षं.
रॉय गेला त्या आठवड्यातसुद्धा
शेजाऱ्यांनी आणून ठेवलेल्या भांड्यांमध्ये जागा करून
तिने टेबलावर चेक लिहिला होता,
तिकीट सरळ चिकटवलं होतं.

उधारी होती ती घर तापवणाऱ्या भट्टीची.
नोव्हेंबरात पंखा जळला, सतराशे चाळीस डॉलर.
बारा हजारांत सतराशे म्हणजे
ताटातली लोणच्याची फोड.
एकोणीसशेत सतराशे म्हणजे नाकापर्यंत पाणी.
आणि नाकापर्यंत पाण्यात उभा माणूस
दुरून बुडत्यासारखाच दिसतो.

म्हणून पुढच्या महिन्यात तिच्या पतीचा नव्हे, पतेचा आकडा गेला:
आठशे तीनवरून सातशे एकोणीस.
तिने काहीच केलं नव्हतं.
म्हणजे खरंच, काहीच. त्या महिन्यात तिने
दूध, बटाटे आणि पायऱ्यांवर टाकायला मिठाची गोणी घेतली.
सगळं रोखीने.

तिला आमची म्हण ठाऊक नाही, पण पाळली तिने जन्मभर.
अंथरूण पाहिलं होतं. पाय मोजून पसरले होते.
झोपेत कुणी अंथरूणच कातरून नेलं
आणि आता विचारतायत,
बाई, पाय एवढे बाहेर कसे?

फोनवर अडतीस मिनिटं बासरी. मग कर्टिस, सू फॉल्सहून.
"मॅडम, इथे कारण असं लिहिलंय,
की आपण जिथे खरेदी करता
तिथल्या इतर ग्राहकांचे हप्ते थकलेत."
कुठे?
तो जरा थांबला. "टायरचं दुकान. आणि ते कपड्यांचं, पुलाजवळचं."
तिथे तिने रॉयसाठी शेवटचा कोट घेतला होता.
रांगेत पुढे कोण होतं, मागे कोण,
कुणाचं किती थकलंय,
तिने विचारलं नव्हतं. विचारायचं असतं?
"थंडी कशी आहे तिकडे?" कर्टिस म्हणाला.
"आहे," ती म्हणाली.

मंगळवारी शाळेच्या स्वयंपाकघरात भिंतीवर नवा नियम.
मुलाच्या खात्यात उणे पाच डॉलर झाले
की गरम ताट नाही. गार चीज सँडविच.
सगळ्यांना सारखंच.
रांगेत ओवेन डेफो, चौथीतला,
ज्याचा बाप दर एक तारखेला न चुकता
सुट्ट्या नाण्यांसकट लिफाफा पाठवायचा.
पडद्यावर लाल: उणे पाच चाळीस.
पोरगं ताटाकडे बघत नव्हतं.
त्याला कळलेलं होतं, म्हणून बघत नव्हतं.

व्हर्नाने बटण दाबलं नाही.
"मशीन गारठलंय आज," ती म्हणाली, "जा पुढे."
आणि बटाट्यांवर रस्सा जरा जास्तच ओतला.
मागच्या अकरा मुलांसाठीही
मशीन गारठलेलंच राहिलं.

रात्री तिने भट्टीचा काटा आणखी खाली आणला,
रॉयचे लोकरीचे मोजे चढवले
आणि गुडघे पोटाशी घेऊन
मापात झोपली.