डाव्या कुशीवर

घाटीत पहिल्या वर्षी मला काही ऐकूच यायचं नाही.
लब-डब, तेही पुस्तकात वाचलं होतं म्हणून.
देगलूरकर सर म्हणायचे, इतका जोर लावू नकोस,
आवाजाला येऊ दे.

सत्तावीस नंबरच्या खाटेवर पैठणची रेहाना मणियार,
वय एकोणीस, एक जिना चढली की दम.
लहानपणी घसा आला होता, मग गुडघे सुजले,
कुणीतरी म्हणालं वाढीचं दुखणं आहे
आणि सगळे विसरले. झडप विसरली नाही.

डाव्या कुशीवर वळ. श्वास सोड. आता धरून ठेव.
मी नळी टेकवली, अगदी हलकी,
आणि पंख्याच्या खडखडाटाखाली,
स्ट्रेचरच्या एका वाकड्या चाकाखाली,
लांब कुठेतरी
गिरणी चालू होती.

सेलूची. आमची.
शाळेतून येताना मी नाल्यावरूनच सांगायचो
आत जवारी पडलीय की गहू,
आणि दगडाला टाकी लावायची वेळ झालीय का.
प्रवेश परीक्षेत हे कुणी विचारलं नव्हतं.

तिला टेबलावर घेतलं तेव्हा सिस्टर बांगड्यांना हात लावायला गेल्या.
"फोडना नक्को, दुकान के हैं."
एकेक काढली, मोजून, वर्तमानपत्रात गुंडाळली.
सर जांघेतल्या शिरेतून वर चढले,
हृदयाच्या पडद्याला बारीक भोक पाडून पलीकडे,
आणि चिकटलेल्या झडपेत फुगा फुगवला,
दोन सेकंद, तीन.
मग मला म्हणाले, ऐक.

लाईट गेल्यावर गिरणी थांबते तसं.
सेलूत त्या शांततेला आम्ही घाबरायचो,
दिवसाचं दळण बुडालं म्हणून.
इथे मी नळी कानातून काढेना.

पुढचं सगळं असं नव्हतं.
शिशाचा एप्रन घालून घालून पाठ गेली.
एका पहाटे अंबाजोगाईचे कंडक्टर आले, नऊ तास उशिरा,
गॅस समजून सोडा पिऊन, घरी झोपून.
पाऊण तास दाबत होतो छाती.
बाहेर आलो, मास्क काढला, शब्द जुळवत होतो,
तेवढ्यात त्यांच्या बाईंनी विचारलं,
"भाकर दिली तर चालंल का त्यान्ला?"
सरांनी याची तयारी करून घेतली नव्हती.
किंवा घेतली असेल, मी त्या दिवशी गैरहजर असेन.

परवा बाबांना आणलं.
चाळीस वर्षांच्या घरघरीने त्यांचे कान गेलेत,
गिरणी विकून सहा वर्षं झाली.
डाव्या कुशीवर वळा, मी हातानेच दाखवलं.
छातीवर जेल लावला, गार लागला तसे दचकले,
मग मान तिरकी करून पडद्याकडे बघत राहिले.
बराच वेळ.
मी आकडे मोजत होतो. आकडे चांगले नव्हते.
काय सांगायचं, किती मोठ्याने,
ओठ कुठल्या शब्दाला कसे हलवायचे.

"पट्टा घसरायलाय," ते म्हणाले. "व्हय ना?"

मी मान हलवली. थोडा.

"मंग दाणा कमी टाकायचा."

मी जेल पुसला, सदऱ्याची बटणं लावून दिली,
आणि केसपेपरवर लिहिलं:
मीठ कमी. पाणी दिवसाला दीड लिटर.