एकतीस किल्ल्या

बाबा गेले त्या आठवड्यात
बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलं होतं.
जमीन दगडासारखी, कुदळ उडून परत येत होती.
म्हणून त्यांना मे महिन्यापर्यंत
दफनभूमीच्या दगडी कोठीत ठेवायचं ठरलं.
आई म्हणाली,
"आर्वो निस्काला जन्मात पहिल्यांदा
कुठेतरी गप्प थांबणार."

कोटाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा निघाला.
मोजल्या. एकतीस.
एकीवरही नाव नाही.
दोन-तीनींना मासे धरायच्या गळाचा दोरा गुंडाळलेला,
एक हिरवा, एक कसलासा मळका.

मग मी आणि आई गावभर हिंडलो,
चोरांसारख्या, दिवसाढवळ्या, कुलपं चाचपत.
आगीच्या बंबाची शेड.
बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीचं फाटक.
शाळेतली बॉयलरची खोली.
पंपघर, ज्याचं कुलूप जरा घरगुती वाटलं,
पण थंडीत कोण थांबून बघतो!
एका चर्चचं तळघर, आणि समोरच्या चर्चचंही,
जिथली माणसं एकमेकांशी
आमच्या जन्माआधीपासून बोलत नाहीत.

मिसेस ट्रेगेअर म्हणाल्या,
"ही बारकी माझी.
मी पडले तर दार फोडावं लागू नये म्हणून.
दर मंगळवारी यायचा, विचारायचा, पडलात का?
नाही म्हटलं की
कॉफी पिऊन जायचा."

मला मात्र आठवतो भोंगा.
सूप वाढलेलं असायचं, आणि भोंगा.
खुर्ची मागे सरकायची,
आई त्यांच्या ताटलीवर दुसरी ताटली पालथी घालायची,
न बघता, जणू जेवणाचाच एक भाग.
मी दहा वर्षांची झाले त्या रात्री
बार्बिचांचा गोठा पेटला.
बाबा परतले तेव्हा भुवयांत बर्फ, अंगाला जळक्या गवताचा वास.
मी जागीच होते. म्हटलं,
तुम्ही आमचे बाबा की गावाचे?
त्यांनी खरोखरच विचार केला. बूट हातात धरून, उभ्यानं.
"सकाळी सांगतो," म्हणाले.
सकाळी कुणाचे तरी नळ गोठले होते.

शनिवार तेवढा आमचा.
सौनाच्या धगीत, लाकडी फळीवर चौघं,
आणि बाबा, जे ग्रामसभेचे कारकून होते,
विचारायचे: कुणाला ठराव मांडायचाय?
माझ्या भावानं, वेइक्कोनं, वाटाण्यांवर बंदी मागितली.
तीन विरुद्ध एक. ठराव मंजूर.
त्यांनी तो वहीत लिहिला, तारखेसकट,
आणि पुढे आमच्या बागेत वाटाणा कधी लावला नाही,
वेइक्को मिनियापोलिसला निघून गेल्यावरसुद्धा.
विरोधातलं एक मत त्यांचंच होतं.

एप्रिलपर्यंत तीस किल्ल्यांची दारं सापडली.
एकतिसावी कशालाच लागेना.
आईनं ती चुलीजवळच्या खिळ्याला अडकवली:
"येईल कुणीतरी विचारत."

"आणि आपल्या घराची?" मी म्हटलं.
"यात आपली कुठली?"
आई हसली. दाराकडे बोट केलं.
हँडलखाली चार भोकं, रंगानं बुजवलेली,
ज्यांवरून मी अठरा वर्षं हात फिरवत होते.
"पंपघराला कुलूप घ्यायला गावाकडे पैसे नव्हते.
तू रांगत होतीस तेव्हा.
त्यानं आपलं काढून तिकडे बसवलं.
नवं आणतो म्हणाला."

मे महिन्यात त्यांना पुरलं. चिखल होता.
दोन्ही चर्चची माणसं आली,
वेगवेगळ्या बाजूंना उभी राहिली.
परतताना मी एकटी पंपघराकडे वळले,
आमच्या घराचं कुलूप
आमच्या घराच्या किल्लीनं उघडलं.
आत अंधार, ओलसर लोखंडाचा वास,
आणि पाणी चाललेलं,
ट्रेगेअरबाईंकडे, बार्बिचांकडे, दोन्ही तळघरांकडे,
आमच्याकडे.
थोडा वेळ ऐकत थांबले.
मग दार ओढून घेतलं, नीट लागलंय ना ते
दोनदा पाहिलं.