जानेवारीचा बेत

गच्चीवर अंथरूण पडलं की शकुंतला विचारते,
"मग, ठरलं का वाळवंट?"
मे महिना, दोंडाईचा, रात्रीचे साडेदहा.
कठड्याला हात लावला तर अजून चटका बसतो.
शेजारच्या गच्चीवरून भिलाभाऊ ओरडतो,
"वायरमन, आठे ऊन कमी शे का?
तठे पैसा दीसन जाई ऱ्हायना!"

मी नकाशा चादरीवर पसरतो,
टॉर्च दातांत धरतो,
खांबावर तीस वर्षं धरली तशी.
इथून सुरत. सुरतेहून जोधपूर.
मग जैसलमेर, आणि पुढे जीप, जी अजून ठरलेली नाही.
बोट सगळीकडे आरामात पोचतं.

तिची यादी वेगळ्या कागदावर.
दशम्या. तिळाची चटणी. कानटोप्या दोन,
कारण वाळवंटात थंडी मरणाची, ती सांगते,
जशी काही माहेरची गोष्ट.
तिला उंट बघायचाय.
म्हटलं, अगं, दिवाळीनंतर काठेवाडी येतात की मेंढरं घेऊन,
त्यांच्या उंटांवर उलटी खाट, खाटेत करडू, पोर, कोंबडी.
"ते कामावरचे उंट," ती म्हणते.
"मला सुट्टीवरचा बघायचाय."

मला पक्षी बघायचाय. एकच.
माळढोक.

बाप सांगायचा, मालपूरकडच्या माळावर
सकाळी उभा होता, कमरेएवढा,
मान वर, पंचायतीला बोलावल्यासारखा.
पळाला नाही.
ठासणीच्या बंदुकीत एकाच बाराची दारू होती.
चार घरांना पुरला, बाप म्हणायचा,
आणि आवाज खाली करायचा नाही.
त्या साली हंडीत दुसरं काही नव्हतं.
एक पीस अजून आहे आईच्या पत्र्याच्या पेटीत,
जुन्या लग्नपत्रिकांच्या मध्ये,
माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब.

तिकडचा गाइड, खेताराम, फोनवर म्हणाला,
"दिसेलच असं नाही, साहेब. फार थोडे राहिलेत."
कशाने?
"एक तर तारांनी.
अंगाने जड, डोळे बाजूंना,
समोरचं त्याला दिसतच नाही नीट.
उडतो, आणि तार येते."
मग तो बराच वेळ हॅलो, हॅलो करत होता.

शिंदखेड्याच्या माळावर, साक्रीच्या पवनचक्क्यांखाली,
मिरच्या वाळत घातलेल्या लाल पठारांवरून
मी किती तार ओढली त्याची नोंद ऑफिसात असेल.
नवी तार ताणली की हलकी गुणगुणते.
मी खांबाला कान लावून ऐकायचो.
खाली जेवायला बोलवायचे, तरी ऐकायचो.

हे मी शकुंतलेला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.
ती टोपीतल्या मिरच्यांची देठं खुडत होती, खुडत राहिली.
मग म्हणाली, "ते पीस घेऊन जाऊ.
ठेवून येऊ तिथे कुठेतरी."
जंगलखात्यातल्या सुभान तडवीला लगेच फोन लावला.
तो झोपेतून हसला.
"पेटीतून काढूसुद्धा नको, वायरमन.
कलम लागतं. म्हातारपणी आत जाशील."

म्हणजे हात रिकामे घेऊन जायचं.
पहाटे पाचला निघायचं, खेताराम म्हणालाय,
गवतात बोलायचं नाही,
लाल-पिवळे कपडे नकोत,
आणि दिसला तर बोट दाखवायचं नाही.
शकुंतलेची सगळी लुगडी लाल-पिवळी.
मातकट एक घ्यावं लागेल, ती लिहिते.
दुर्बीण लिहिते, पुढे कंसात भाच्याचं नाव.
मी विचारतो, आणि नाहीच दिसला तर?
"तर उंट आहे," ती म्हणते.

तेवढ्यात लाइट गेली.
सगळ्या गल्लीतून एकच हाक,
"वायरमन, काय झालं हो?"
रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी मलाच.
टॉर्च विझवून वर बघितलं.
चांदणं होतं. गच्चीवरून जाणारी लाइन
त्यात ओढलेली, बारीक,
दिसते न दिसते अशी.
वीज नव्हती तिच्यात. तार होती.

अंधारात शकुंतलेचा आवाज आला,
"मेणबत्त्या लिहा. तिथेही जात असेल."