होयचे बहुमत

स्वारगेट डेपोत एकतीस वर्षं मी वे-बिलं तपासली.
किती तिकिटं फाडली, किती पैसे आले,
कोण कुठल्या थांब्यावर चढलं.
आठ आण्यांचा फरक निघाला
तर कंडक्टर रात्री माझ्या टेबलासमोर उभा.

म्हणून धनकवडीत, शेवटच्या स्टॉपमागच्या
तापकीरांच्या गिरणीत
डबा नंबरला लावून बसलेल्या शाहीन तांबोळींनी
सहज विचारलं,
काका, ते टँकरचं बिल आलं होतं ना विधानसभेत,
आपला माणूस काय म्हणाला त्यात? हो का नाही?
तेव्हा मी म्हणालो, त्यात काय, बघून सांगतो.

बघायला गेलो आणि तीन महिने गेले.

झेरॉक्सवाल्या पोराने कामकाजाची पानं काढून दिली,
दोन रुपयाला एक. टाइप बारीक, आणि भाषा अशी:
उक्त अधिनियमाच्या कलम नऊमधील परंतुक वगळण्याच्या
दुरुस्तीस विरोध दर्शविणारी सूचना फेटाळण्यात आली.
वगळायला विरोध. विरोध फेटाळला.
बोटांवर मोजलं: म्हणजे परंतुक गेलं.
परंतुक म्हणजे टँकरवाल्याला होता तो दंड.
एवढं एक वाक्य सोलायला अख्खी संध्याकाळ लागली,
आणि मी जन्मभर परिपत्रकं वाचून जगलेला माणूस.

मग नाव शोधलं. आपल्या माणसाचं.
अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.
प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.
होयचे बहुमत, होयचे बहुमत.
विधेयक संमत झाले.

नाव नाही.
दुसरं बिल काढलं. होयचे बहुमत.
सातवं. अकरावं.
गाडी खच्चून भरलेली, माणसं दारात लोंबकळतायत,
आणि वे-बिलावर तिकीट एकाचंही नाही.
अशी गाडी मी डेपोत घेतली नसती.

कुणीतरी कधीतरी हट्ट धरला, मोजा म्हणून,
तेव्हा डोकी मोजली, नावं उतरली.
बावीस बिलांत दोनदा.
आपला एकदा होय.
एकदा दोन्ही याद्यांत नाही.

गिरणीत दळणाच्या दरांचा फळा आहे.
तापकीर म्हणाले, खालची निम्मी जागा तुमची.
ज्वारी, गहू, भाजणी वेगळी दळून मिळेल,
आणि त्याखाली माझं अक्षर:
टँकरवाल्याचा दंड काढावा का?
झोपडीच्या पुराव्याचं वर्ष पुढे आणावं का?
समोर चौकट. होय, नाही, गेलाच नाही.
बायका डोक्यावरचा डबा उतरवता उतरवता वाचायच्या.
एकीने विचारलं, गेला नाही तर खाडा धरतात का?

उरलेल्या वीस चौकटींत मी लिहिलं होतं,
माहीत नाही.

आमदारांचा माणूस आला.
चपलेवर पीठ पडू नये म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबला.
म्हणाला, साहेब होते हो सभागृहात, सगळ्याला होयच म्हणाले.
सगळ्याला? दंड काढायलाही?
तो जरा थांबला. म्हणाला, विचारून सांगतो.
मी म्हटलं, त्यात काय.

संध्याकाळी शाहीनताई फळ्यासमोर उभ्या राहिल्या,
पिठाचा डबा कमरेवर.
काका, माहीत नाही हे पुसा, म्हणाल्या.
वाचणाऱ्याला वाटतं, चूक आपलीच, आपण शिकलो नाही.
सांगितलं नाही, असं लिहा.

वीस वेळा लिहिलं. खडू संपला.

पीठ उडतं. दुपारपर्यंत फळा पांढरा,
होय काय, नाही काय, सगळं एका रंगाचं.
सकाळी ओलं फडकं फिरवून मी पुन्हा सगळं लिहितो.
वरचे दर ऑइलपेंटचे, ते तसेच राहतात.
तापकीर म्हणतात, तुम्हीपण पेंट घ्या की काका,
रोजची कटकट.
मी नको म्हणतो.
तो माणूस विचारून सांगणार आहे.