कोपराचं माप

धुळ्याला, गल्ली नंबर पाचमध्ये,
तय्यबअलींच्या दुकानाच्या पायरीवर
नवलसिंग मामांनी मला पायाची धूळ झटकायला लावली.
देवळात शिरताना ते स्वतः कधी झटकत नसत.

मी तेरा वर्षांचा. डोळा भिंतीवरच्या मोठ्या रायफलीवर,
तीनशे पंधराची, रानडुकराला जागेवर बसवणारी,
जिचं काडतूस माझ्या मधल्या बोटाएवढं
आणि पितळ दिवाळीतल्या समईसारखं.
म्हटलं, ही.

मामा हसले नाहीत. तय्यबअलीही नाही.
त्यांनी ती उतरवली, माझ्या हातात दिली,
म्हणाले, समोरच्या पाटीवर नेम धरून उभा राहा,
आणि दोघं चहा प्यायला बसले.
पहिल्या बशीपर्यंत मी शिकारी होतो.
दुसऱ्या बशीला नळीवरची माशी
कापडवाल्याच्या नावावरून घसरायला लागली,
कप संपला तेव्हा नेम फरशीवर.
"तुना खांदा केवढा, नि हाई केवढी!
हिना एक धक्का बसना की खांदा घाबरस,
खांदा घाबरना की डोळा मिटस,
मंग जनमभर आंधळा बार."

मग काउंटरखालून निघाली ती.
बावीसची, एका गोळीची, कुणीतरी वापरलेली,
दस्त्यावर चाकूनं कोरायला घेतलेला आणि सोडून दिलेला र.
तय्यबअलींनी माझी बाही वर सारली,
दस्ता कोपराच्या खळीत टेकवला,
शिंप्यासारखं एक डोळा बारीक करून पाहिलं
बोट चापापर्यंत पोचतं का.
पोचलं. जरासं वाकूनसुद्धा.
"एकच गोळी?" मी कुरकुरलो.
"दुसरी असली की पहिली वाया जाते,"
ते पावती फाडत म्हणाले. काडतुसांची डबी
मेणबत्त्यांच्या पुड्याएवढ्याच बेफिकिरीनं बांधली.

परवाना मामांचा, खांदा माझा.
डबी आईनं पिठाच्या डब्यामागं ठेवली
आणि रोज मोजायची. पन्नास.
पन्नास.
कारण तीन महिने मला मिळालं ते नुसतं रिकामं पितळ.
ते भरायचं, चाप ओढायचा, काढायचं, परत भरायचं.
वेस्ता भील ते ओठाशी धरून फुंकायचा
आणि बुराईच्या पात्रातली टिटवी चिडून उठायची.
तो म्हणायचा, आधी वारा बघ.
मग मागं काय आहे ते बघ: गुराखी, वासरू, कुणाची झोपडी.
ससा सगळ्यात शेवटी बघायचा असतो.

दादर कापून झाली होती.
धसकटांतून चालताना पोटऱ्या ओरखडत होत्या.
बांधावर तो मागच्या पायांवर उभा,
मावळतं ऊन कानांतून आरपार,
आतल्या बारीक शिरा मला दिसल्या,
पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या.
वारा पाहिला. मागं पाहिलं. मागं नुसती टेकडी.
बार केवढासा झाला,
कोरडी काटकी मोडावी तेवढा.
खांद्याला काहीच कळलं नाही.

अजून तेच आठवतं मला.
खांद्याला काहीच कळलं नाही.

आईनं रात्री मोजली. एकोणपन्नास.
काही न विचारता कांदा चिरायला घेतला.

पुढं कायदा आला, ससे ज्याचे त्याचे झाले.
मामा गेले, वेस्ता गेला, परवाना माझ्या नावावर चढला.
बंदूक मी तेल लावून ठेवतो,
आणि निवडणूक लागली की दोंडाईच्याच्या ठाण्यात जमा करतो.

परवा परत आणायला गेलो.
बारा बोरांच्या रांगेत ती टोकाला,
दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठा गळ्यात घालून,
शाळेच्या फोटोतल्या सगळ्यात बुटक्या पोरासारखी.
हवालदार नवा होता. हातात तोलत म्हणाला,
"बाबा, एवढीशी? कोणासाठी घेतली व्हती?"

मी रजिस्टरवर सही केली.
तो पुढचं नाव पुकारत होता, तेवढ्यात
बाही वर सारून दस्ता कोपराच्या खळीत ठेवला.
बोट चाप ओलांडून
दोन इंच पुढं, हवेत.